आत कोन जेवतंय?

रात्रीची गोष्ट नाही ही. आधीच सांगून टाकतो.

भुताच्या गोष्टीला काळोख लागतो, वारा लागतो, कुठंतरी घुबड लागतं. इथं यातलं काही नाही. भर दुपार होती. ऊन रणरणत होतं. घरात माणसं होती आणि चुलीवर गुळाची खीर शिजत होती.

सन १९४६. भाद्रपदातली अमावस्या. सातारा जिल्ह्यात, वडूजपासून चालत दोन तासांवर एक गाव. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरातली माणसं अजून तिथं नांदतात आणि त्यांनी मला तसं बजावलंय.

जिच्यावर हे बेतलं ती साळूबाई. माझी सख्खी आत्या. तिनं मला हे तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक पडला नाही. थापा मारणारी बाई नव्हती ती. खरं तर बोलणारीच नव्हती. ज्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, पण शेवटपर्यंत ऐकून मग हसावं.

साळू तेव्हा बावीस वर्षांची.

नवरा कृष्णात पलटणीत. लग्नाला वर्ष-दीड वर्ष होतंय तोवर तो भरती झाला आणि बोटीत बसून सिंगापूरला गेला. बेचाळीस साली सिंगापूर जपान्यांच्या हातात पडलं.

त्या दिवसापासून त्याचं पत्र नाही.

सासरे नाथाजी साताऱ्याच्या कचेरीत खेटे घालायचे. उत्तर एकच मिळायचं. मिसिंग. मेला म्हणत नाहीत, जिवंत म्हणत नाहीत. लढाई संपली, जपान्यांचे कैदी सुटून आले. पलीकडच्या गावातला एक जण तर असा आला की आईनंही ओळखला नाही, नुसता हाडांचा सापळा. पण आला.

कृष्णात आला नाही.

पहिलं वर्ष साळू रडली. दुसऱ्या वर्षी बाहेर कुणाची चाहूल लागली की धावत दाराशी जायची. मग तेही थांबलं.

"काय वाटायचंच बंद झालं बग मला," आत्या सांगायची. "हातावर डोकं ठिवून निजल्यावर हात कसा बधिर हुतो, तसं सगळं आतनं झालं. चिमटा काढला तरी कळू ने."

ती भाकरी थापायची, शेण काढायची, सकाळी कपाळाला कुंकू लावायची. आपण ते कुणासाठी लावतोय हा विचारसुद्धा तिच्या मनात येत नव्हता.

आणि त्या साली पितृपक्ष लागला तसं नाथाजी म्हणाले, "औंदा कृष्णाचा म्हाळ घालू."

आमच्याकडं म्हाळ कसा असतो ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. गेलेल्या माणसाच्या नावानं जेवण करायचं, हे तर सगळीकडंच आहे. पण आमच्याकडं नुसतं पान वाढून भागत नाही. गेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस बसवायचा. त्याच्याच वयाचा, त्याच्या ओळखीचा. त्याला पितर म्हणायचं. त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, पाटावर बसवून पोटभर वाढायचं. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला.

आणि एकदा म्हाळ घातला की माणूस मेला. मग कचेरी काही का म्हणेना. त्याच संध्याकाळी साळूचं कुंकू पुसलं जाणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्या घराला ठाऊक होतं.

नाथाजी काही कठोर माणूस नव्हता. उलट पोराच्या मायेनंच तो हट्टाला पेटला होता. "सपनात येतंय माझ्या," तो म्हणायचा. "आबा, भूक लागली म्हनतंय. मेलं आसंल तर चार वर्सं उपाशी हाय की वो पोरगं!"

हे सांगलीला कळलं. साळूचा थोरला भाऊ तिथं शाळामास्तर होता. तात्या म्हणायचे त्यांना. माझे वडील. ते गाडी पकडून रहिमतपूरला आले, तिथनं मिळेल त्या वाहनानं वडूजला, आणि तिथून चालत बहिणीच्या दारात. बहिणीचं कुंकू पुसणं जितके दिवस लांबवता येईल तितके लांबवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"पाव्हणं, एक करा," ते नाथाजींना म्हणाले. "तुमच्याच घरातला दाखला बघू. तुमचे वडील अर्जुनाबा, तेही लढाईवरनं आले नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही किती वर्षं थांबला होता? तेवढं तरी पोरासाठी थांबा."

घरचाच दाखला म्हटल्यावर नाथाजींना नाही म्हणता येईना.

पण किती वर्षं थांबलो होतो, ते कुणालाच सांगता येईना! साल कोण लक्षात ठेवतो? अमुक दुष्काळात जन्मला, तमक्या साथीत लग्न झालं, हीच त्यांची सालं.

मग तात्यांनी चिंचोके मागितले.

सोप्यात चौघं बसली. तात्या, नाथाजी, साळूची सासू बनुबाई आणि शेजारचा म्हातारा हरिबा. हरिबा अर्जुनाच्या बरोबरीचा. दरसाल या अमावस्येला अर्जुनाचा पितर म्हणून पाटावर बसायचा तो हाच. साळू आत चुलीपाशी डाळ निवडत होती. मधलं दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू येत होतं.

"अर्जुनाबा जन्मले कधी?"

"थोरल्या दुष्काळात," हरिबा म्हणाला. "त्याची आई दुष्काळी कामावर माती वाहत व्हती. पाटी डोक्यावर आन् कळा सुटल्या. मी त्याच्यापरास दोन म्हैन्यानं धाकटा."

तात्यांनी जमिनीवर चिंचोका ठेवला. अठराशे सत्त्याहत्तर.

"लग्न?"

"पिलेगात. गाव उठून रानात झोपड्यास्नी गेल्तं. वाजंत्री न्हाई, वरात न्हाई. नवरीनं मापटं वलांडलं ते बी झोपडीचं."

दुसरा चिंचोका. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव.

"आन् मी दुसऱ्या दुष्काळात," नाथाजी म्हणाले. "आई सांगायची, पाळण्यात पोर व्हतं आन् चुलीवर काय न्हवतं."

तिसरा. सन एकोणीसशे.

तात्या रंगात आले. मास्तरच ते! पोरांकडून घोकून घ्यायची सालं इथं एका माणसाला येऊन चिकटत होती. आपण कशासाठी बसलोय हे क्षणभर तेही विसरले. लढाई लागली ते चौदा साल. अर्जुना बसऱ्याला गेला ते पंधरा. पुढं तिकडंच इराकात, कुटला तुर्कांच्या वेढ्यात पलटण सापडली आणि कैद झाली ते सोळा. तिथून खबर बंद.

"आणि त्यांचा म्हाळ पहिल्यांदा कधी घातला?"

"मानमोडीच्या साली," नाथाजी म्हणाले. "साथ गावात शिरली, तीच अमुशा."

मानमोडी म्हणजे तो इन्फ्लुएन्झा. घराघरातनं माणसं गेली होती त्यात. तात्यांनी शेवटचा चिंचोका ठेवला. अठरा साल.

सोळा ते अठरा. दोनच वर्षं.

तात्यांचा चेहरा उतरला.

"बगा मास्तर," नाथाजी हळूच म्हणाले. "बापासाठी दोन थांबलो. पोरासाठी चार थांबलोय."

संपलं होतं. साळूनं आतून ऐकलं. तिला वाटलं, डाळीत खडे लय हायत. एवढंच वाटलं.

तात्या चिंचोके गोळा करायला लागले. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली बनुबाई बोलली.

"पर मास्तर… मामंजी सोळाला गेलं कसं? मी तर बगितलंय त्यास्नी."

नाथाजी हसले. "तू? तू कवा बगितलंस? तुजं-माजं लगीन अठराच्या चैतातलं!"

"व्हय की. त्याच साली. म्हाळाच्या दिशी."

तात्यांचा हात थांबला.

"मी पानी आनाया भाईर आले," बनुबाई सांगायला लागली, अगदी सहज, शेजारणीशी बोलावं तसं. "तर दारात हुबं. खाकी कापडं. डोईला काय न्हाई. तोंड ह्यांच्यावानी, आन् डाव्या भुवईवर ह्यो एवढा वन. सासूबाई सांगायच्या तसाच. मी पदर वढला आन् आत पळाले. बारा वर्सांची मी, नवी सून, कुनाला काय इचारनार? दुसऱ्या दिसापास्नं मानसं पटापटा पडाय लागली. मला वाटलं, मामंजी बी त्यातच गेलं."

"खुळी हायस का तू!" नाथाजी ओरडले. "आगं, त्या दिशी घरात त्यांचाच म्हाळ व्हता! हरिबा पाटावर बसल्याला!"

"मला कुनी सांगितलं कुनाचा हाय ते?"



मग हरिबा खाकरला.

"तिचं खरं हाय रं नाथा… माझ्या आईला खांदा त्यानंच दिला की."

आता सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"मानमोडीत तिरडीला चार मानसं मिळंनात. आमी तिघंच. हा कुठनंसा आला आन् चौथा खांदा लावला. मी वळकला. पर बोलाय सवड कुनाला? माघारी येऊस्तवर गेल्ता कुठंतरी." हरिबानं तोंडावरनं हात फिरवला. "एक सांगतो मास्तर. तिरडी त्या कोपऱ्याला सारखी खाली यायची… तीन खांद्याला वजं लागत व्हतं, आन् चौथ्याकडं कुनी न्हाईच आसं."

"मग दरसाल तुम्ही त्यांचा पितर म्हणून बसताय ते?"

"बसवत्यात म्हून बसतो. मला वाटलं, पैल्या साली चुकून घातला, आन् मग मानमोडीत खराच गेला म्हून पुढं चालू हाय."

अठ्ठावीस वर्षं. एकाच घरात, एकाच आळीत. कुणी काही लपवलं नव्हतं. फक्त कुणी एकापुढं एक ठेवून बघितलं नव्हतं.

तात्यांनी सोळा सालचा चिंचोका उचलला. तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. कुटच्या कैद्यांतले काही आजारी आधीच सोडून दिले होते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणजे अर्जुना त्यातला असेल. कसाबसा, अडखळत, गावोगाव थांबत दोन वर्षांनी घरी पोचला असेल. बरोबर त्या दुपारी. आणि आत बघतो तर त्याच्या पाटावर हरिबा. त्याच्या नावानं जेवतोय.

किंवा मग तो सोळालाच मेला होता.

"म्हंजी…" बनुबाईचा आवाज चिरका झाला, "जित्त्या मानसाचा म्हाळ घातला व्हय आपुन?"



नाथाजींनी डोकं धरलं. पोरगं मेलेलं असेल आणि म्हाळ घातला नाही, तर ते उपाशी. जिवंत असेल आणि म्हाळ घातला, तर… त्याचं पुढं काय होतं ते दाखवायला अर्जुना होता. ना घरचा, ना मसणातला.

शेवटी त्यांनी आत हाक मारली.

"साळू, पोरी, तूच सांग. घालायचा का न्हाई?"

तात्या ताडकन उठून आत गेले. "साळे, नाही म्हण," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तू नाही म्हणालीस तर ते ऐकतील. एक शब्द बोल, बाई माझे!"

साळूनं सुपातल्या डाळीकडं बघितलं. तिला खरोखरच काही वाटत नव्हतं. कृष्णातचा चेहरा आठवून बघितला, तर धड आठवेना.

"तुमास्नी वाटंल ते करा," ती म्हणाली.

आणि म्हाळ ठरला.

अमावस्येला सकाळपासून घरात रांधणं चाललं होतं. रेशनचे दिवस, साखर दिसत नव्हती. गुळाची खीर, वडे, आमटी, कढी, गवारीची भाजी. पितर म्हणून आकारामला सांगितलं होतं. कृष्णातचा लंगोटीयार तो, दोघं एका वयाचे, एकाच दिवशी भरती झालेले. हा इटलीला गेला आणि परत आला. त्याला बसायचं नव्हतं. पण नाथाजींनी हात जोडले, मग बिचारा काय करणार?

ऊन डोक्यावर आलं. आकारामचे पाय धुतले. त्याला पाटावर बसवलं. नाथाजींनी गंध लावलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

आकारामनं पहिला घास घेतला.

शेजारी कुणीतरी दळत होतं. जात्याची घरघर सकाळपासून चालू होती…

ती थांबली.

"वैनी, मीठ वाढा जरा," आकाराम म्हणाला.

साळूनं मीठ वाढलं. पितरानं मागितलं ते नाही म्हणायचं नसतं.

"अजून जरा."

तिनं अजून वाढलं. बनुबाईनं आमटीचा थेंब हातावर घेऊन चाखला. मीठ बरोबर होतं.

आकारामनं वडा मोडला, तोंडात घातला, नुसता घोळवत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काका… गिळवंना मला," तो नाथाजींना म्हणाला. "दुसऱ्याच्या ताटातलं खातोय आसं वाटतंय. तो आत्ता यील आन् ऊठ म्हनंल."

"खा बाबा," नाथाजी भिंतीकडं बघतच म्हणाले. "मधनं उठू नगं. खा."

बाहेर उंबऱ्याशी कुत्रं झोपलेलं होतं. म्हातारं, कृष्णातनं पिलू म्हणून आणलेलं. दिवसभर जागचं हलत नसे ते…

ते उठलं. अंग झाडलं. बाजूला सरकून उभं राहिलं, वाट द्यावी तसं.

आणि शेपूट हलवायला लागलं.

भुंकलं नाही. हे तात्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते दाराकडं तोंड करून बसले होते. अंगण त्यांना दिसत नव्हतं, कुत्रं दिसत होतं.

"साळू, पानी आन गं," बनुबाईनं सांगितलं.

रांजण बाहेर पडवीत होता. साळू तांब्या घेऊन बाहेर गेली.

तांब्या भरायला कितीसा वेळ लागतो?

ती लवकर आली नाही. आत आकारामला ठसका लागला. त्याचा जीव घाबराघुबरा व्हायला लागला. बनुबाईनं हाक मारली, "साळू! पानी!"

मग साळू आली. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तिनं आकारामला पाणी दिलं. तो ते घटाघटा प्याला आणि जेवायला लागला. आता त्याला चव लागत होती. खीर तर त्यानं दोनदा मागून घेतली.

बाहेर कुत्रं पुन्हा उंबऱ्यावर आडवं झालं. शेजारचं जातं सुरू झालं.

संध्याकाळी बनुबाईनं रडत रडत साळूचं कुंकू पुसलं. बांगड्या वाढवल्या. साळू रडली नाही. बायका आपसात कुजबुजल्या, दगडाची आहे म्हणून. असेल.

तिसऱ्या दिवशी तात्या सांगलीला निघाले. सकाळी वडूजला पोचले. साताऱ्याच्या मोटारीचा ड्रायव्हर ज्ञानू नावाचा होता, कृष्णातच्या शाळेतला. बॉनेट उघडून काहीतरी ठोकत होता. त्यानं तात्यांना राम राम घातला.

"काय मास्तर, भेटलं का दाजी?"

"कोण दाजी?"

"आवं, कृष्णात! अमुशेला सकाळी माझ्याच मोटारीतनं उतरला की. लय वाळलाय गडी. वाटंत सारखा पेंगत व्हता. उतरताना म्हनला, म्हाळाच्या जेवनाला पोचतो बग."



ते उलटे फिरले. दोन तासांची वाट त्यांनी पळत-चालत कशी काटली देव जाणे. घरी आले. अंगणात नाथाजी होते, बनुबाई होती, साळू धुणं वाळत घालत होती. तात्यांनी धापा टाकत सगळं सांगितलं.



साळूनं हातातलं लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं.

"आल्तं की," ती म्हणाली.

"काय?"

"म्हाळाच्या दिशी. पानी आनाया गेले तवा. हितं अंगनात हुबं व्हतं."

तिनं जसं सांगितलं तसंच मी सांगतो. माझ्या पदरचं काही घालत नाही.

ती तांब्या घेऊन बाहेर आली, तर कृष्णात उभा होता. खाकी सदरा, दाढी वाढलेली, पायात काही नाही. ऊन इतकं डोक्यावर होतं की सावल्या पायाखाली गेल्या होत्या. त्याची आहे की नाही ते तिला दिसलं नाही. तिची स्वतःचीही दिसत नव्हती.

ती दचकली नाही. आनंदही झाला नाही. रानातनं दुपारचा माणूस घरी यावा, तसं वाटलं.

"आत कोन जेवतंय?" त्यानं विचारलं.

"आकाराम भावजी."

"आला व्हय तो? कवा?"

"शिमग्याला."

"बरा हाय न्हवं?"

"हायत बरं."

त्यानं वास घेतला. खिरीचा वास अंगणात पसरला होता.

"म्हाळ हाय वाटतं आज."

"व्हय."

"कुनाचा?"

साळू गप्प राहिली.

दुसऱ्या कुणाचा असता, तर तिनं नाव सांगितलं असतं. आजेसासूचं सांगितलं असतं, आज्ज्याचं सांगितलं असतं. पण बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते. तिनं पदर पुढं ओढला आणि खाली बघत उभी राहिली.

आणि तेवढ्यानंच त्याला कळलं.

"आसं व्हय," तो म्हणाला.

आतून सासूची हाक आली, साळू, पाणी. तिनं मान वळवली. पुन्हा बघितलं तर अंगण मोकळं होतं. कुत्रं तेवढं वेशीच्या वाटेकडं बघत उभं होतं.

नाथाजी आणि आकाराम त्याच पावली शोधायला निघाले. वडूज पालथं घातलं. सातारा, कोरेगाव, मिरजेपर्यंत जाऊन दवाखाने धुंडाळले. खाकीतला, वाळलेला, अनवाणी माणूस कुणी बघितला नव्हता. कचेरीतलं उत्तर तेच. मिसिंग.

आणि ज्ञानू ड्रायव्हर? नाथाजींनी त्याला गाठलं, तर तो डोळे फाडून बघायलाच लागला.

"मी आसं कवा म्हनलो, काका? अमुशेला माझी मोटार साताऱ्यात खोललेली व्हती. आन् मास्तरांची-माझी तर गाठच पडली न्हाई."

तात्यांनी मरेपर्यंत शपथेवर सांगितलं, गाठ पडली होती.

मग त्या दुपारी आला तो कोण? जिवंत कृष्णात, की दुसरं काही? आत्याला मी हेही विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. तो जिवंत असेल, तर त्याला मारलं कुणी, हा प्रश्न मी विचारला नाही. तिनं तो स्वतःला किती वेळा विचारला असेल, ते तिचं तिला माहीत.

एकदाच मी तिला म्हणालो, "आत्या, आज्ज्याचा म्हाळ हाय म्हणायचं होतंस की गं! खोटं बोलायचं होतंस! तो आत आला असता."

तेव्हा ती सत्तरीची होती. लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"सुचलं न्हाई रं," ती म्हणाली.

आत्या गेली. तात्या गेले. आता म्हाळ आमच्या घरी मी घालतो. त्या दिवशी दुपारी कुणी ना कुणी दारात येतंच. शेजारी, पोस्टमन, वाट चुकलेला. आतला वास घेऊन सहज विचारतं, कुणाचा हो म्हाळ?

मी एक क्षणही थांबत नाही. तोंडात घास असला तरी ओरडून नाव सांगतो.

गप्प राहायची मला भीती वाटते.